पट्टी

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, परवा तू पुन्हा त्या लग्नाचा विषय काढलास. मांडवात मी डोळ्यावरची पट्टी ओरबाडून फेकली, तू सगळ्यांदेखत फटका दिलास, आणि पंचवीस वर्षांनीही ते तुला खुपतंय. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

डावा डोळा आळशी आहे, उजवा झाकून ठेवा, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आजी कळवळायची, "पोरीचा धड डोळा कशाला बांधता?" पण खोट डोळ्यापेक्षा मेंदूत असते गं. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा शिवून ठेवला. पुढे उघडला तेव्हा डोळा ठीक होता, पण कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी त्याला दाद देईनात. 1981 साली त्यांना नोबेल मिळालं.

मी जे शिकतेय ते याच्या पुढचं. दोन पेशींच्या सांध्यावर एकीचा निरोप दुसरीसाठी झेलणारे रिसेप्टर असतात. त्यातला एनएमडीए नावाचा रिसेप्टर लहानपणी एकदा उघडला की बराच वेळ उघडा राहतो. जग बघता बघता त्याचे सुटे भाग बदलतात आणि तो लवकर मिटू लागतो. 1999 साली क्विनलन, बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधारात वाढवलेले उंदीर उजेडात आणले. दोनेक तासांतच नव्या घडणीचे रिसेप्टर वाढले! परत अंधारात ठेवल्यावर काही दिवसांत ते जुन्या वळणावर गेले. नुसत्या बघण्याने एवढं होतं.

बाबा, एसटी स्टँडवर तुम्ही मला प्रत्येक गाडीची पाटी वाचायला लावायचात. 'तासगाव' जमलं की शेंगदाण्याची पुडी मिळायची. आई तांदूळ निवडायला बसवायची, खडा राहिला तर पुन्हा सूप पुढे. माणसाचा मेंदू असा उघडून बघता येत नाही, पण प्रयोगशाळेत हे आलेख बघताना मला तो स्टँड आणि ते सूपच दिसतं. माझा डावा डोळा तुम्ही दोघांनी कमावलाय.

तेव्हा आई, तो फटका आता सोडून दे.

आणि चिमी चार वर्षांची होतेय. दादाला सांगून तिचे डोळे तपासून घ्या. तिची तक्रार नाही म्हणून थांबू नका. एका डोळ्याने सगळं दिसत असलं की मुलाला काही कळतच नाही, मलाही कळलं नव्हतं. पट्टी लागलीच तर तांदूळ तूच पुढ्यात ठेव.

तुमची,
ताई