एकच शोधनिबंध दोनदा: आधीचा उल्लेख दडवणे थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही संशोधन पत्रिकांची यादी बंद केली आणि कोणती पत्रिका विश्वासार्ह मानायची हे ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर सोपवली. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांना व त्यांच्या संलग्न महाविद्यालयांना आता आपले निकष स्वतःच लिहून काढावे लागतील. ते लिहिताना एका प्रश्नाला त्यात जागा मिळावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. छापून झालेला शोधनिबंध शीर्षक बदलून, परिच्छेद पुढेमागे करून, कधी सहलेखकांचा क्रम फिरवून दुसऱ्या पत्रिकेत नवा म्हणून प्रसिद्ध करण्याची रीत आपल्याकडे रुळली आहे. त्याबद्दल कोणी हटकले, तर ‘लेखन माझेच आहे, मग मी चोरी कोणाची केली?’ असा प्रश्न येतो. विचारणारे बहुधा मनापासून विचारतात, आणि म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

वैद्यकशास्त्रातील एक उदाहरण या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर देते. शस्त्रक्रियेनंतरची उलटी थांबवण्यासाठी ऑनडॅन्सेट्रॉन हे औषध दिले जाते. त्याच्यावरील चाचण्यांचे प्रसिद्ध अहवाल मार्टिन ट्रामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र करून तपासले आणि आपले निष्कर्ष 1997 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. अहवालांपैकी 17 टक्के अहवाल आणि रुग्णांच्या माहितीपैकी 28 टक्के माहिती पुन्हा छापलेली होती, आणि ती पुन्हा छापलेली आहे हे वाचणाऱ्याला सहज कळत नव्हते. औषधाचा गुण ज्या चाचण्यांत अधिक दिसला होता, त्याच चाचण्या पुन्हा छापल्या जाण्याचे प्रमाणही अधिक होते. ही दुबार माहिती हिशेबात धरली, तर औषधाची परिणामकारकता 23 टक्क्यांनी फुगून दिसत होती. या चाचण्या खोट्या होत्या असे कोणी म्हटले नाही. तेच रुग्ण पुन्हा मोजले गेले आणि तेवढ्याने सगळा हिशेब बिघडला.

आपल्या भागात असे घडते तेव्हा ते मोजायला कोणी बसत नाही. समजा, धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबांच्या कर्जबाजारीपणाची एकच पाहणी तीन पत्रिकांत तीन शीर्षकांनी आली. पुढे त्या विषयावर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी किंवा धोरणाचा मसुदा करणारा अधिकारी ‘तीन स्वतंत्र अभ्यासांत हेच आढळले आहे’ असे लिहील, आणि त्यात त्याची किंवा तिची काही चूक नसेल. ज्या प्रदेशाविषयी मुळात अभ्यासच थोडे होतात, तिथे एका पाहणीला तीन पाहण्यांचे वजन मिळाले, तर त्याची किंमत त्या कुटुंबांना मोजावी लागते. मला या प्रश्नाची सर्वाधिक काळजी वाटते ती या कारणाने. गुणांचा आणि बढतीचा मुद्दा त्यानंतरचा आहे.

नियमांच्या बाबतीत संदिग्धता उरलेली नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी 1969 मध्येच अन्यत्र प्रसिद्ध झालेले संशोधन आपण स्वीकारणार नाही, अशी भूमिका जाहीर केली होती. आपल्याकडे आयोगाच्या 2018 च्या विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे काम स्वतःचे म्हणून मांडणे अशी होती. त्यामुळे स्वतःच्याच लेखनाची पुनरावृत्ती त्या व्याख्येबाहेर राहते, असे म्हणायला वाव होता. एप्रिल 2020 च्या सूचनेने तो मिटवला. आधी छापलेला आपला निबंध योग्य उल्लेखाशिवाय पुन्हा छापणे, वापरलेलीच आधारसामग्री न सांगता पुन्हा वापरणे आणि एका मोठ्या अभ्यासाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा नवा म्हणून देणे, हे शैक्षणिक लाभासाठी चालणार नाही, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. याखेरीज अनेक पत्रिका लेखकाकडून प्रकाशनाचे हक्क लिहून घेतात. तेच हक्क दोन ठिकाणी लिहून देणारा लेखक दुसऱ्या प्रकाशकाला खोटे लिहून देत असतो, आणि मोबदला न घेता निबंध तपासणाऱ्या परीक्षकाचा वेळही त्यात फुकट जातो.

हे का घडते, याचे उत्तर बहुतेक प्राध्यापकांना ठाऊक आहे. नेमणूक व बढतीविषयीच्या आयोगाच्या 2018 च्या दुसऱ्या विनियमांनुसार मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत एका शोधनिबंधाला 10 गुण मिळतात. निबंध किती खोल आहे, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. नोकरीची जाहिरात निघेल या आशेवर वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे तरुण सहकारी एकदिवसीय परिषदांचे नोंदणी शुल्क भरून विशेषांकांत निबंध छापतात. अंकावर आयएसएसएन क्रमांक असला की पत्रिका दर्जेदार, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक तो क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवण्यापुरता असतो. या तरुण सहकाऱ्यांवरचा ताण खरा आहे आणि त्यांना गुन्हेगार ठरवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मात्र ज्येष्ठ मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या निबंधावर आपले नाव घालून तोच निबंध दुसरीकडे देतात, तेव्हा मला ही सहानुभूती वाटत नाही.

साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीवर विसंबून हे थांबेल, असेही समजू नये. मराठीतील पुष्कळ निबंध अजूनही युनिकोडऐवजी जुन्या फाँटमध्ये टंकलिखित होतात. ती अक्षरे यंत्राला मराठी म्हणून वाचता येत नाहीत. छापील विशेषांक तर इंटरनेटवर नसतोच. अशा निबंधांबाबत ‘साम्य शून्य टक्के’ या दाखल्याला काहीही अर्थ उरत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. पुन्हा छापणे ही गोष्ट मुळात वाईट नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातील एखाद्या संशोधकाने गुलाबी बोंडअळीवरील आपला इंग्रजी निबंध मराठीत करून शेतकऱ्यांच्या मासिकात दिला, तर त्याने आपले कर्तव्यच केले असे मी म्हणेन. वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीदेखील अशा दुसऱ्या प्रकाशनाला मान्यता देते. दोन्ही संपादकांची संमती हवी, वाचकवर्ग वेगळा हवा, मूळ निष्कर्षांशी इमान हवे आणि मूळ निबंध कोठे, केव्हा छापला हे स्पष्ट लिहिलेले हवे, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. परिषदेत गोषवारा वाचून नंतर पूर्ण निबंध छापणे, किंवा ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असलेल्या आपल्या प्रबंधातील प्रकरणावरून तसे सांगून निबंध तयार करणे, यातही गैर काही नाही. पुनर्मुद्रणावर सरसकट बंदी आली, तर पहिला फटका मराठीत लिहिणाऱ्यांना बसेल. पुन्हा छापा, अनुवाद करा, पण ते आधी कोठे आले आहे हे पहिल्याच पानावर सांगा आणि त्याचे गुण दुसऱ्यांदा मागू नका, इतकीच अपेक्षा आहे.

म्हणून दोन्ही विद्यापीठांना माझी विनंती आहे की, स्थाननिश्चितीच्या, म्हणजे बढतीच्या, आणि निवडीच्या अर्जासोबत प्रत्येक निबंधाविषयी, त्यातील आधारसामग्री पूर्वी कोठे वापरली होती का, हे सांगणारे स्वाक्षरीचे निवेदन घ्यावे. उमेदवाराने अनेक निबंधांऐवजी आपले निवडक निबंध समितीपुढे ठेवावेत आणि समितीने ते खरोखर वाचावेत. मराठी निबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत. मराठी अनुवादाला विस्तारकार्य म्हणून वेगळी, उघड नोंद मिळावी, म्हणजे तो नवे संशोधन म्हणून दाखवण्याची गरजच राहणार नाही. आणि ज्यांच्या नावावर पूर्वीचे दुबार निबंध आहेत, त्यांना ठरावीक मुदतीत ते स्वतःहून जाहीर करून यादीतून काढण्याची एक संधी द्यावी. अशा निवेदनावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, हे परिपत्रकात लेखी नमूद करावे, कारण त्या हमीशिवाय कोणीही पुढे येणार नाही.

आपला,
समाजशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
परभणी