मने, आपली टीम बंद करायला निघालेत

कोल्हापूर, रविवार रात्र

प्रिय मने,

फोनच करणार होते, पण तुझी सकाळ म्हणजे ऑफिसची पळापळ आणि माझ्याकडं तेव्हा सगळं घर हॉलमध्ये, त्यात हे काय दोन मिनिटात सांगण्यासारखं नाही, म्हणून टाइप करत बसलेय. आपल्या कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम बंद करायचं चाललंय. व्हय, आपलीच. आणि कोर्टावर टू-व्हीलर पार्किंग करणारेत. घरात सांगितलं तर हे "अरेरे" म्हणाले आणि चहा मागितला. आपल्या टीमच्या लंबूला मेसेज केला तर तिनं एक रडका चेहरा टाकला आणि खाली पोराच्या बर्थडेच्या केकचा फोटो. पाटलीण तर बघून गप बसलीय, निळ्या टिका दिसतात. म्हटलं आता मनीच.

आई बरी आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन फिरतीय. माझं थायरॉइड गोळीवर. झालं तब्येतीचं.

तर जिमखाना कमिटीची मीटिंग होती बुधवारी. मी यंदा कमिटीत आहे, तुला बोलले होते बहुतेक. विषय सगळे नेहमीचेच, ट्रॅकसूटची कोटेशनं, टी.ए.-डी.ए., फुटबॉलच्या पोरांचे बूट, आणि शेवटी संस्थेचे ते सर (तू ओळखतेस, नाव टाकत नाही) म्हणाले की महिला बास्केटबॉलची एन्ट्री यंदापासून पाठवायची नाही. का, तर गेली कित्येक वर्षं पोरी झोनलच्या पहिल्याच मॅचला घरी येतात, गेल्या वर्षी ५२-११. "हरणाऱ्या टीमवर पोरांच्या फीचा पैसा किती घालायचा मॅडम?" आणि सगळे माना हलवायला लागले गं, अगदी सुरवातीपासनं बास्केटबॉल खेळलेला आपला तो ज्युनिअरसुद्धा, जो आता अकाउंट्स शिकवतो.

आता तू म्हणशील बरोबरच आहे त्यांचं. तू म्हणणारच. टी.वाय.ला रंकाळ्यावर भेळ खाताना तू हेच म्हणाली होतीस, की जी टीम जिंकतीय तिला पैसा द्या, आपल्याला कशाला. त्या वर्षी कबड्डीच्या पोरी ऑल इंडियाला रिझर्व्हेशन नसताना गेल्या होत्या, संडासाजवळ पेपर टाकून बसून, आणि आपल्याला नवे ट्रॅकसूट आले होते. तुझा राग खरा होता, ते मी तेव्हाही कबूल केलं होतं. पण ते तू सरांच्या समोर बोललीस आणि दुसऱ्या दिवशी आपले ट्रॅकसूट परत गेले आणि कबड्डीला रिझर्व्हेशन काही मिळालं नाही ते नाहीच. हे भांडण माझ्याकडनं अजून मिटलेलं नाही, सांगून ठेवते. पोरींच्या एका टीमचं काढलं तर ते पोरींच्या दुसऱ्या टीमकडं जातं असं मी या एवढ्या वर्षांत एकदाही बघितलेलं नाही.

मीटिंगनंतर मी तशीच ग्राउंडवर गेले. मने, कोर्ट बघितलंस तर तुला ओळखू येणार नाही. काँक्रीटला मधोमध भेग गेलीय, फ्री थ्रो लाइनपासनं थेट सेंटरपर्यंत, त्यात गवत उगवलंय. रिंगला जाळी नाही. बोर्डचं प्लायवूड पावसानं फुगलंय, बॉल आपटला की उसळायच्या ऐवजी खाली पडतो, मग बोर्डवरनं शॉट मारायला पोरी शिकणार कुठं? साडेचार ते सहा पोरांची प्रॅक्टिस, सहाला मुलींना कोर्ट मिळतं. आणि सहाला निम्म्या पोरी स्टँडकडं पळालेल्या असतात, कारण राधानगरी, गारगोटीकडच्या पोरींना एस.टी. चुकवून चालत नाही, घरात सांगणार काय? उरल्या चार. चारजणींनी प्रॅक्टिस करायची आणि मॅचला पाचजणी खेळायच्या. कोच नाही. पी.टी.चे सर चांगले आहेत, पण ते खो-खोचे, आणि एकट्यानं सगळ्या टीम बघतात.

पण सगळ्यात मला लागलं ते बॉलचं. पोरी सात नंबरच्या बॉलनं खेळत होत्या, पोरांनी टाकून दिलेला, वरची ग्रिप पार गुळगुळीत. बायकांच्या मॅचला सहा नंबरचा बॉल २००४ पासनं जगभर आहे, परिघ जवळपास एक इंच कमी, वजनाला हलका. या पोरी वर्षभर मोठा आणि जड बॉल छातीपासनं जोर लावून ढकलतात, आणि मॅचला हातात येतो सहा नंबर. तोच जोर, हलका बॉल, म्हणजे शॉट रिंगच्या वरनं पलीकडं. ५२-११ मधले ते अकरा कसे झाले याचंच मला आता नवल वाटतं. मी दुकानातनं दोन सहा नंबरचे बॉल आणून दिले. त्यातली एक बुटकी पोरगी आहे, मनगटात लाल दोरा, बोटं आखूड, तिनं बॉल एका तळहातावर धरून बघितला, फिरवला, परत धरला आणि म्हणाली, "मॅडम, ह्यो बसतोय की हातात." आणि एका हातानं, कोपर आत घेऊन, शॉट मारला. गेला नाही आत. पण कोपर आत होतं मने! ते कोपर आत घ्यायला आपल्याला सर किती शिव्या घालायचे आठवतंय ना? तुझं तर शेवटपर्यंत बाहेरच राहिलं, कोंबडीच्या पंखासारखं.

मग मी घरी येऊन तुझे जुने मेसेज काढले. अमेरिकेत हार्टफर्डला गेल्यावर पहिल्या वर्षी तू ती यूकॉनच्या, म्हणजे तिथल्या कनेक्टिकट युनिव्हर्सिटीच्या मुलींची मॅच बघून आलीस आणि रात्रभर लिहीत सुटली होतीस. मी सगळं परत वाचलं, त्यातलं बरंच मी विसरले होते. तो जीनो ऑरिएमा १९८५ ला कोच म्हणून आला तेव्हा त्या टीमचा तोपर्यंतचा एकच सीझन जिंकलेल्या मॅच जास्त आणि हरलेल्या कमी असा होता. एकच. त्याचं स्वतःचं पहिलं वर्ष बारा जिंकल्या, पंधरा हरल्या. आपल्या मीटिंगमधले सर तिथं असते तर १९८६ लाच पार्किंग झालं असतं! पहिली चॅम्पियनशिप १९९५ ला, एकही मॅच न हरता, म्हणजे कॉलेजला दहा वर्षं त्या माणसाच्या आणि पोरींच्या मागं उभं राहावं लागलं. आता २०२५ पर्यंत बारा झाल्या. साउथ कॅरोलिना युनिव्हर्सिटीचंही तसंच, डॉन स्टेली २००८ ला कोच म्हणून आली, पहिल्या वर्षी दहा जिंकल्या अठरा हरल्या, आणि २०१७ ला चॅम्पियन. आणि २०२४ ला तिच्या टीमची आयोवाशी फायनल झाली ती टीव्हीवर पोरांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली, १ कोटी ८० लाखांच्या वर.

हे मी मीटिंगमध्ये नाही बोलले, कारण उत्तर मला माहीत होतं, "मॅडम ती अमेरिका." आणि ते खोटं पण नाही. तिकडं १९७२ चा कायदा आहे, सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजला पोरींना डावलता येत नाही. आणि तो असूनही २०२१ ला कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेत पोरांना भली मोठी जिम आणि पोरींना डंबेल्सचा एक छोटा स्टँड दिला होता, तो व्हिडिओ तूच पाठवलेलास, पार चिडून. आणि तिकडं पण बहुतेक कॉलेजात मुलींची टीम पैसे मिळवून देत नाहीच, खर्चच होतो. यूकॉन होणं सगळ्यांच्या नशिबात नाही. म्हणून मी पण "आपल्या पोरी चॅम्पियन होतील" असलं काही बोलणार नाही. मला फक्त एवढंच म्हणायचंय की ज्या टीमला कोच नाही, बॉल नाही, वेळ नाही, तिचा स्कोअर दाखवून तिला बंद करू नका. आधी पाच वर्षं नीट द्या, मग स्कोअर काढा.

मीटिंगमध्ये मी कोल्हापूरचंच काढलं. म्हटलं, खाशाबा जाधव. सर लगेच म्हणाले, मॅडम ते खाशाबा होते. मी म्हटलं, होय, पण १९४८ ला लंडनला सहावे आले होते की! सगळी कुस्ती तांबड्या मातीत केलेली, गादीची सवय नव्हती. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला आणि माणूस मेडल न घेता परत आला. मग १९५२ ला हेलसिंकीला जायचे पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेव्हा मेडल येणार हे कुणाला ठाऊक होतं? आणि ब्राँझ घेऊन आले. आपण इथं घर गहाण टाका म्हणत नाही, जाळी बसवा म्हणतोय. शांतता झाली जरा. मग कुणीतरी चहा आला म्हणालं. पण विषय मंजूर नाही झाला, "पुढच्या बैठकीत ठेवावा" असं लिहिलं. तेवढं मी करून आलेय.

एक सांगते, पी.टी. सर नंतर जिन्यात भेटले आणि म्हणाले, मॅडम, बास्केटबॉलच का? कबड्डी, खो-खोला तेवढ्याच पैशात दहा पोरी जास्त खेळतात, गावाकडच्या पोरींना येतं पण ते. मला याचं पटकन उत्तर आलं नाही. खरंच आहे ते. रात्रभर विचार केला. मला वाटतं, पोरींनी काय खेळावं हे आपण त्या कुठल्या गावच्या आहेत त्यावरनं ठरवायला लागलो तर मग त्या कॉलेजात आल्याच कशाला? तेजस्विनी सावंत, राही सरनोबत इथल्याच, आणि नेमबाजी काय कोल्हापूरच्या मातीतला खेळ होता? पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली बास्केटबॉलमध्येच. रेल्वेच्या टीममध्ये नोकरी लागलेल्या पोरी आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. या पोरींच्या घरी हे कळतं बघ, बापाला शॉट कळत नाही पण नोकरी कळते. आणि समजा नाही लागली नोकरी, नाही जिंकल्या एकही मॅच. जिमखाना फी त्यांच्या बापानं पण भरलीय ना.

मागायचं पण लई नाही. एक कोच मानधनावर, आठवड्यातनं चार दिवस. सहा नंबरचे आठ-दहा बॉल. दोन नवे बोर्ड, जाळ्या, भेग भरून घेणं. आठवड्यातनं तीन दिवस मुलींना साडेचारची वेळ, पोरांना सहाची, याला तर एक रुपया लागत नाही, आणि मने, सगळ्यात जास्त विरोध त्यालाच होणार बघ. प्रॅक्टिसनंतर अंडी-केळी.

आता तुला पैसे पाठवायची घाई होईल, तुला मी ओळखते. पाठवू नकोस. मी ते दोन बॉल आणले तर लगेच ऑफिसमधनं ऐकलं, "मॅडमनी दिलेत की, मग बजेट कशाला." आपण माजी विद्यार्थिनींनी वर्गणी काढली की संस्था हात झटकून मोकळी होईल, आणि आपली वर्गणी दोन वर्षांनी आटली की टीम परत बंद. हा खर्च कॉलेजच्या बजेटमध्ये, स्वतःच्या ओळीवर, छापून यायला पाहिजे. तुझ्याकडनं मला पत्र पाहिजे. कॉलेजच्या नावानं, तुझ्या ऑफिसच्या पदासकट, की तू इथं खेळलीस आणि त्याचं पुढं काय झालं. गोड लिहू नकोस, खरं लिही. ट्रॅकसूटचं पण लिही हवं तर.

तुझं काय? नवीन घर झालं का, लोनचं मिटलं का? पोरीची कॉलेजची ॲडमिशन यंदाच ना? तिला माझ्याकडनं ऑल द बेस्ट सांग, सासूबाईंना नमस्कार. डिसेंबरात येणार असशील तर तिकीट काढायच्या आधी सांग, पाटलीण तेव्हा गोव्याला जाणार म्हणतीय.

पुढची मीटिंग दसऱ्यानंतर आहे, त्याच्या आत पत्र पाहिजे. लंबूच्या घरी मी उद्याच जाऊन बसणार आहे, केक खाऊन सही घेऊनच उठणार. पाटलीण तुझं ऐकते, तिला तू फोन कर. आणि गोलकीपर म्हणायचो ती आपली सांगलीची, तिचा नंबर माझ्याकडं जुना आहे, लागत नाही, तुझ्याकडं असला तर आजच पाठव.

तुझी,
पमी