लोणच्याच्या बरणीसाठी, ताई, मनापासून आभार

ताई,
सप्रेम नमस्कार.

पणजीहून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. तुमची मदत आमच्या चार भिंतींत ठेवली, तर पुढच्या पावसाळ्यात दुसरं कुणीतरी त्याच खड्ड्यात पडेल.

आम्ही प्रयोगशाळेत मऊ आणि कडक जेलवर जिवंत पेशी वाढवतो, जमिनीच्या कडकपणाने त्या कशा वागतात ते पाहायला. पण मऊ जेलवर पेशी टिकत नव्हत्या. ज्यांना विचारलं त्यांनी आमचं पूर्ण ऐकूनही न घेता सांगितलं, पेशीच खराब आहेत, नव्या मागवा. रसायन विकणाऱ्यांनी तर नंतर फोन उचलणंच सोडलं. तुम्ही मात्र एकच प्रश्न विचारलात: "सल्फो-सॅनपाची बाटली फ्रीजरमधून काढल्यावर किती वेळाने उघडता?"

लगेच उघडत होतो. चूक तिथेच होती.

उणे २० अंशांवरची बाटली गोव्याच्या आषाढात उघडली की तिला आतूनही घाम फुटतो. सल्फो-सॅनपा म्हणजे जेलवर प्रथिन चिकटवणारं रसायन. त्याच्या रेणूला दोन टोकं असतात. एक अतिनील प्रकाशात जेलला चिकटतं, दुसरं प्रथिनाला धरतं. ओल लागली की दुसरं टोक निकामी होतं. मग वरून कोलॅजेन, म्हणजे पेशी ज्याला धरतात ते प्रथिन, कितीही घाला, धुताना ते निघून जातं. पेशींना धरायला काही उरत नाही, त्या गोल होऊन सुटतात. आणि वहीत नोंद होते की जमीन मऊ होती म्हणून पेशी पसरल्या नाहीत! दोष रसायनाचा, आळ मऊपणावर.

ही गफलत लहान नाही. पेशी पायाखालची जमीन ओढून पाहते. पेशीच्या पडद्यातली इंटिग्रिन नावाची प्रथिनं बाहेर कोलॅजेनला धरतात, आत टॅलिन या दुसऱ्या प्रथिनामार्फत पेशीच्या सांगाड्याला जोडलेली असतात. जमीन कडक असली की ओढीला प्रतिकार मिळतो, टॅलिन उलगडतं, त्याच्या लपलेल्या जागांवर व्हिन्क्युलिन हे आणखी एक प्रथिन येऊन बसतं, आणि पुढे रासायनिक निरोपांची साखळी सुरू होते. याप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि जनुकं चालू करतं. मऊ जमिनीवर ते बरंचसं केंद्रकाबाहेर राहतं. यापचं हे वागणं पिक्कोलो यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं. त्याआधी २००६ मध्ये एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी मूळपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. सुमारे १ किलोपास्कलपर्यंत (हे कडकपणाचं माप) त्या चेतापेशींसारख्या, ८ ते १७ ला स्नायूंसारख्या, २५ ते ४० ला हाडाच्या वळणावर गेल्या. पण अशी तुलना खरी ठरते ती दोन्ही जेलवर कोलॅजेन सारखं बसलं असेल तरच. म्हणून आता पेशी सोडण्याआधी एक रिकामं जेल कोलॅजेनलाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने रंगवून पाहायचं, मऊही आणि कडकही. हे तुम्हीच सांगितलंत, आणि या एका तपासणीने महिन्यांचं काम वाचतं.

तरी सगळ्यात जास्त मनात राहिली ती तुमची बरणी. मडगावहून थर्माकोलच्या पेटीत बर्फ लावून तुम्ही लोणच्याची जुनी काचेची बरणी पाठवलीत. तळाशी ओल शोषणारी निळी सिलिका जेल (ओल धरली की ती गुलाबी पडते), वर फॉइलमध्ये गुंडाळलेल्या चिमुकल्या नळ्या, प्रत्येकीत एका दिवसापुरतीच वजन केलेली पावडर. झाकणावर निळ्या शाईची चिठ्ठी: "बरणीसकट बाहेर काढा. अर्धा तास थांबा. मगच उघडा." पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं, सामान घरात असंच ठेवतात, मोठी बरणी रोज उघडायची नाही, रोजच्यापुरतं वेगळं काढायचं. तुमच्याकडचं महागडं रसायन अनोळखी माणसांसाठी तोलून देताना तुम्ही मोबदल्याचा शब्द काढला नाहीत. ती चिठ्ठी आम्ही फ्रीजरच्या दारावर चिकटवली आहे.

बाकीचंही तुमच्या सांगण्याप्रमाणे सुधारलं. १ मिलिलिटर मऊ जेलला ४० टक्के अ‍ॅक्रिलामाइड (जेलचा मूळ घटक) १२५ मायक्रोलिटर, २ टक्के बिस (त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडणारं) ७५, उरलेलं पाणी. हे साधारण साडेचार किलोपास्कल भरतं. कडकसाठी २०० आणि २४०, म्हणजे ४० च्या आसपास. हवा आधी निर्वातात काढायची, कारण ऑक्सिजन जेल धरू देत नाही. शेवटी जेल धरायला लावणारी दोन रसायनं, १० टक्क्यांचं ताजं एपीएस १० मायक्रोलिटर आणि टेमेड १. पावसाळ्यात एपीएसही ओल धरून मरतं, हे कुठल्या पुस्तकात ठळक छापलेलं नसतं. १८ मिलिमीटरच्या काचेवर २५ मायक्रोलिटर घातलं की थर सुमारे १०० मायक्रोमीटरचा होतो. त्याहून फार पातळ केला तर पेशीला खालची काच जाणवते आणि मऊ जेल नावालाच मऊ उरतं. पेशीही विरळच सोडायच्या. गर्दी झाली की कडक जमिनीवरही याप केंद्रकातून बाहेर येतं आणि पुन्हा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आपलं काय बिघडलं होतं ते न लपवता सांगणारी माणसं विज्ञानात फार हवी आहेत. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिणारी, दुसऱ्याचं फसलेलं जेल उजेडात धरून नीट पाहणारी. तुम्ही तशा आहात, आणि हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

चवथीआधी बरणी परत पोचवतो. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आपली रीत, पण रसायनाच्या बरणीत खायचं काही घालता येणार नाही. म्हणून गुलाबी पडलेली सिलिका जेल भट्टीत १२० अंशांवर पुन्हा निळी करून भरली आहे, आणि नव्या बाटलीतून तोललेल्या सहा नळ्या वर ठेवल्या आहेत.

तुमचे ऋणी,
पणजीतली जेल करणारी मंडळी