सुहासला पत्र : हॉटेलातल्या खेळांविषयी

जर्सी सिटी

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

हॉटेलच्या वरच्या मजल्यावर गेम्सची मशीनं ठेवायची म्हणतोस, वाचून फार आनंद झाला. पण त्या आभासी जग दाखवणाऱ्या व्हीआर चष्म्यांची ऑर्डर एवढ्यात देऊ नकोस. चष्मा चढवला की माणूस एकटा पडतो, आणि तुझ्याकडे घरची घरं जेवायला येतात.

जुने खेळच घे, पण थोडे बदललेले. या खेळांचं आणि खाण्यापिण्याच्या जागांचं नातं पहिल्यापासूनचं. १९७२ साली अटारी कंपनीने पाँगचं, म्हणजे पडद्यावरच्या टेबल टेनिसचं, मशीन कॅलिफोर्नियात सनीवेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं. उघडून बघतात तर नाण्यांचा डबा गच्च भरलेला! त्याच अटारीच्या नोलन बुशनेलने १९७७ मध्ये सॅन होजेत चक ई. चीज हे खेळांची मशीनं असलेलं पिझ्झाचं हॉटेल काढलं. पिझ्झा भाजून होईपर्यंत वाट पाहावीच लागते, तेवढा वेळ पोरं खेळतात. जपानमध्ये १९७८ नंतर कॉफीच्या दुकानांतली टेबलंच स्पेस इन्व्हेडर्स या व्हिडिओ गेमची झाली. काचेखाली पडदा, काचेवर कप.

आता किलर क्वीन या खेळाच्या मशीनबद्दल सांगतो. इथल्या एका बारमध्ये ते पाहिलं आणि तुझीच आठवण आली. दोन मोठी मशीनं, एकेकावर पाच जण, म्हणजे दहा माणसं एकाच वेळी खेळतात. मूळ नियम १९८२च्या जाउस्ट या व्हिडिओ गेमचा: टक्कर झाली की जो वर असेल तो जिंकतो. पण इथे जिंकायच्या वाटा तीन. समोरच्यांची राणी तीनदा मारा, नाहीतर बोरं गोळा करून आपलं पोळं भरा, नाहीतर गोगलगायीवर बसून तिला आपल्या टोकापर्यंत न्या. गोगलगाय इतकी सावकाश सरकते की भांडणाच्या धामधुमीत तिच्याकडे कुणाचं लक्षच राहत नाही. मग मागे उभा असलेला कुणीतरी ओरडतो, ‘अरे, स्नेल बघा, स्नेल!’ आणि पाचही जणांची धांदल उडते. एकमेकांना न ओळखणारी माणसं पाच मिनिटांत एकमेकांवर हक्काने ओरडायला लागतात. मला हेच फार आवडलं.

दुसरं, पाँगचं टेबल. यात पडदाच नाही. काचेखाली खरा चौकोनी ठोकळा चुंबकाने इकडून तिकडे धावतो. आजोबा आणि नातू समोरासमोर बसले, तर नियम समजावून सांगायला लागणार नाहीत.

पॅकमॅनचं भिंतीएवढं मशीनही मिळतं. दिसायला झकास, पण ते नंतर बघू. जागा फार खातं.

मशीन कुठलंही घे, पण आडबाजूच्या वेगळ्या खोलीत मात्र कोंबू नकोस. जेवणाऱ्यांना ते दिसलं पाहिजे, ओरडा ऐकू आला पाहिजे. वरच्या मजल्याची लांबी-रुंदी आणि प्लगचे पॉइंट कुठे आहेत ते लगेच कळव, म्हणजे इथे विकणाऱ्यांशी बोलून घेतो. व्होल्टेजचंही विचारावं लागेल, इथे १२० आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध