आधी पालकांनी 'पाहुण्यांत काय सांगायचे' हे सोडावे

महोदय,

शिक्षण संपलेल्या मुलांनी आई-वडिलांच्या पैशावर जगू नये, असे सांगणारा रविवारच्या अंकातील लेख वाचला. मत पटले; सगळा दोष मुलांच्या माथी मारणे मात्र पटले नाही. 'मिळेल ते काम कर' असे आपण म्हणतो कुठे?

माझा मुलगा बी.कॉम. होताच अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याची बिले करायला तयार होता. मीच अडवले. पाहुण्यांत काय सांगायचे! मग स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात कॉट बेसिसवर (खोलीत एका खाटेपुरती जागा) राहणे, मेस, अभ्यासिका. राज्यसेवा परीक्षेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38 वर्षे, त्यामुळे 'अजून एक प्रयत्न' काही संपत नाही. चार वर्षांनी तो परतला आणि तसल्याच एका कारखान्यात हिशेब लिहू लागला. आमच्या गल्लीत विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईंचा मुलगा मात्र कॉलेज करता करताच संध्याकाळी चादरींच्या दुकानात उभा राहत होता.

1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने सज्ञान मुलाला पोसण्याचे बंधन बापावर घातलेले नाही. पुण्याला पाठवतानाच किती वर्षे आणि महिना किती, हे मी त्याच्याशी बसून ठरवायला हवे होते.

– एक पालक, सोलापूर