आधी रिअ‍ॅक्ट नको, एक स्क्रीन पुरा करा

संपादक महोदय,

पूर्वी एचटीएमएल (पानाची रचना), सीएसएस (मांडणी आणि रूप) आणि थोडंफार जेक्वेरी (जावास्क्रिप्ट सोपं करणारं साधन) लिहिलेले, पण पुढे आठ-दहा वर्षं फक्त फिग्मा या डिझाइनच्या साधनात स्क्रीन आखणारे अनेक युजर एक्सपीरियन्स डिझायनर पुन्हा कोडकडे वळू पाहतात. त्यांना सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘आधी रिअ‍ॅक्ट शिका’. रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबपानाचे भाग जावास्क्रिप्टमधून उभारण्याचं तयार साधन. मात्र हा सल्ला चुकीचा आहे. सुरुवातीचे आठवडे पॅकेज (इतरांचे तयार कोड), त्यांच्या आवृत्त्या आणि बिल्डच्या, म्हणजे कोड जुळवून पान तयार करतानाच्या, एरर निस्तरण्यात जातात आणि ज्याची डिझायनरला खरी जाण आहे, त्या स्क्रीनला हातच लागत नाही. मग ‘कोडिंग आपलं काम नव्हे’ असा समज होतो. तो खरा नसतो, म्हणूनच हे पत्र.

मधल्या काळात पाया उलट सोपा झाला आहे. मांडणीसाठीच्या फ्लोट आणि क्लिअरफिक्सच्या जुन्या कसरती खुशाल विसराव्यात. आडव्या-उभ्या रकान्यांत मांडणी करणारं सीएसएस ग्रिड मार्च २०१७मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आलं, जून २०२२मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ११ या जुन्या ब्राउझरला मायक्रोसॉफ्टने आधार देणं थांबवलं आणि २०२३पासून कंटेनर क्वेरी (घटकाच्या जागेनुसार रूप बदलणारे नियम) सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतात. जेक्वेरीची बहुतेक कामं आता ब्राउझर स्वतःच करतो.

तेव्हा शोधाचा एक साधा स्क्रीन घ्यावा: एक रकाना, एक बटन, खाली निकालांची यादी. एक फोल्डर, त्यात एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची एकेक फाइल. सर्व्हरऐवजी जेसन फाइल (माहिती साठवणारी साधी मजकूर-फाइल) चालेल, मात्र पान डबल-क्लिकने न उघडता लोकल, म्हणजे आपल्याच संगणकावर चालणाऱ्या, सर्व्हरवरून उघडावं. नाहीतर सुरक्षेच्या कारणाने ब्राउझर ती जेसन फाइल वाचू देत नाही आणि आपलाच कोड चुकला असं वाटत राहतं. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून वापरावं. एक गोष्ट चालली की एक कमिट, म्हणजे एक नोंद.

आधी फक्त एचटीएमएल लिहावं आणि माउस बाजूला ठेवून टॅब कीने पान चालवून पाहावं. ‘डिव्ह’ या साध्या चौकटीला क्लिक जोडून केलेलं बटन इथेच उघडं पडतं. त्यावर फोकस येत नाही, एंटर-स्पेस चालत नाहीत. खऱ्या ‘बटन’मध्ये हे सगळं आयतं मिळतं. फक्त फॉर्ममधलं बटन मुळातच सबमिटचं असतं, म्हणून ‘पुसा’सारख्या बटनाला ‘टाइप’ स्पष्ट द्यावा. तो दिला नाही तर त्या बटनानेही फॉर्म सबमिट होऊन पान रीलोड होतं.

सीएसएसमध्ये डिझायनरची जुनी सवय आडवी येते: चौकटीची उंची आणि रुंदी पक्की करणं. मजकूर वाढला की चौकट फुटते. उंची मजकुरावर सोडावी, अक्षरांचं माप रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षरमापाच्या पटीत) द्यावं. फ्लेक्सच्या (घटक एका ओळीत मांडणाऱ्या सीएसएस पद्धतीच्या) ओळीत लांब शब्द आला आणि मांडणी बाहेर सांडली, तर कारण बहुधा एकच असतं. फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदी मुळात ‘ऑटो’ असते, म्हणून तो आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. ‘मिन-विड्थ: ०’ दिलं की तो लहान होऊ शकतो, आणि लांब शब्द ‘ओव्हरफ्लो-रॅप’ने तोडता येतो. आणखी एक: रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवरचं सफारी त्यावर टॅप करताच पान झूम करतं.

खरी कसोटी जावास्क्रिप्टमध्ये आहे, आणि डिझायनर इथे मागे नाही, पुढे आहे. या एका स्क्रीनच्या निदान पाच अवस्था आहेत: अजून काही शोधलेलं नाही, शोध चालू आहे, निकाल आले, काहीच सापडलं नाही, बिघाड झाला. फिग्मात यांतल्या दोनच आखल्या जातात, बाकीच्या डेव्हलपर घाईत उरकतो. स्वतः लिहायला बसलं की पाचही समोर उभ्या राहतात. सर्व्हरकडून माहिती मागवणारं जावास्क्रिप्टचं ‘फेच’ सर्व्हरच्या ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरचा बिघाड) उत्तराला चूक मानत नाही. नेटवर्क तुटण्यासारख्या कारणाने विनंतीच पूर्ण झाली नाही, तरच ते चूक कळवतं. म्हणून ‘रिस्पॉन्स’मधलं ‘ओके’ स्वतः तपासावं लागतं, नाहीतर बिघाडाची अवस्था कधी दिसतच नाही. दुसरा सापळा याहून फसवा आहे. लागोपाठ दोन शोध केले आणि पहिल्याचं उत्तर उशिरा आलं, तर रकान्यात नवा शब्द आणि खाली जुनी यादी! ‘अ‍ॅबॉर्ट कंट्रोलर’ या ब्राउझरमधल्या सोयीने आधीची विनंती रद्द करावी. विकासकांच्या साधनांत नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी केला की हे दोष पटकन दिसतात.

एआयने लिहून दिलेला कोडही याच पाच अवस्थांवर आणि टॅब कीवर तपासून घ्यावा.

एकच माहिती तीन ठिकाणी दाखवायची आहे आणि दरवेळी एखादी जागा बदलायची राहून जाते, असं होऊ लागलं की रिअ‍ॅक्ट शिकावं. तेव्हा ते कशासाठी आहे हे वेगळं समजावावं लागत नाही. शिकताना फेब्रुवारी २०१९नंतरचं, म्हणजे हुक्स (साध्या फंक्शनमध्येच बदलती माहिती सांभाळण्याची सोय) आल्यानंतरचं साहित्य निवडावं. जुन्या साहित्यात क्लासची पद्धत आहे आणि दोन्हींची सरमिसळ नवख्याला गोंधळात टाकते.

संस्थांनाही एक विनंती. डिझायनरला रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, प्रवेश द्या आणि पहिला बदल अगदी लहान ठेवू द्या: एखाद्या संदेशाची शब्दरचना, किंवा पार्श्वभूमीशी ४.५ : १ हे वाचनीयतेसाठीचं कॉन्ट्रास्टचं प्रमाण न गाठणारा मजकुराचा एखादा रंग. तो बदल डेव्हलपरने इतरांच्या कोडइतक्याच काटेकोरपणे तपासावा.

– एक वाचक