वरच्या पडीतली आमरी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

रविवारी फोन उचलला नाही म्हणून आई काळजीत होती ना? मी डोव्हरच्या पांढऱ्या कड्याखाली गवतात गुडघे टेकून आमरीची, म्हणजे ऑर्किडची, फुलं मोजत होते, फोन पिशवीत. नंतर बाबांचा मेसेज वाचला, "एवढ्या लांब जाऊन गवतात काय शोधतेस?" हे फोनवर सांगून होणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

या जागेला सॅम्फायर हो म्हणतात. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधला समुद्राखालचा बोगदा खणताना खडूची माती निघाली, जवळपास ४९ लाख घनमीटर. समुद्रात भिंत घालून ती इथे टाकली आणि १९९७ साली जागा लोकांना खुली केली. गवताचं, रानफुलांचं बी पेरलं होतं. आमरी मात्र कुणीच पेरली नव्हती. तिचं बी धुळीसारखं, त्यात कोंबापुरतीही शिदोरी नसते. वाऱ्याने आलं आणि मातीतल्या बुरशीच्या आधाराने रुजलं.

झाड वीतभरसुद्धा नाही. हिरवट पाकळ्या, मधे तपकिरी मखमली ओठ, त्यावर निळसर चकाकती खूण. लांबून कोळी बसलाय असं वाटतं, म्हणून इंग्रजी नावातही कोळी आहे, अर्ली स्पायडर ऑर्किड. आई, हे फूल मध देत नाही. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एका मधमाशीच्या मादीचा वास ते हुबेहूब काढतं. नर फसतो, फुलावर बसतो आणि पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातो.

मला धास्ती आहे ती याच जोडीची. २०१४ साली इथल्या संशोधकांनी १८४८ पासून जपून ठेवलेले वाळवलेले नमुने तपासले. वसंतात एक अंश उष्णता वाढली की फूल सहा दिवस आधी येतं, नर नऊ दिवस आधी आणि माद्या पंधरा दिवस आधी. खरी मादी आधीच समोर असली तर नर फुलाकडे कशाला जाईल? हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पण बाबा, तुमची आठवण आली ती गवतामुळे. कासच्या पठाराला कुंपण घातलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, गुरं थांबली की गवत माजेल आणि फूल दबेल. तेव्हा मी तुमच्याशी वाद घातला होता. इथे ससेक्समधल्या कॅसल हिलवर मायकेल हचिंग्ज या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७५ पासून तीसहून जास्त वर्षं हीच आमरी एकेक झाड धरून मोजली. बरीच झाडं फुलल्यावर दोन-तीन वर्षांत संपतात, म्हणजे दरवर्षी नवी रुजायलाच हवीत, आणि त्याला गवत आखूड हवं. तिथे फुलण्याच्या दिवसांत गुरं चरायची. ते थांबवून थंडीत मेंढ्या सोडायला लागल्यावर आमरी वाढली. चराई हवीच, पण वेळ पाहून. तुमचं बरोबर होतं.

खडूची जमीन हलकी, भुकेली. तीच या फुलाला मानवते. खत पडलं की दांडगं गवत उठतं आणि आमरी त्याच्याखाली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली अशी कुरणं नांगरून, खत घालून संपवली, म्हणून उरलेल्यांसाठी एवढी धडपड.

आता मुद्द्याचं. आपली वरची पड, जिथे श्रावणात पांढरी आमरी यायची. तुम्ही गुरं विकल्यापासून तिथे कुणी फिरकत नाही, आणि मागच्या खेपेला मी पाहिलं तेव्हा घाणेरी बांध ओलांडून आत आली होती. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगर आपल्याकडून जातात, त्यांना तिथे मेंढरं चारू द्याल का? तोवर आमरीचे कंद जमिनीत निजलेले असतात. फक्त शेतात बसवता तशी रात्री बसवू नका, दिवसाच चरू द्या. लेंड्यांनी माळ माजेल. घाणेरी मात्र मजूर लावून मुळासकट काढा, पैसे मी पाठवते.

आई, गुडघा दुखत असताना तू वर चढू नकोस. बाबांना श्रावणात फोटो काढायला सांग.

तुमची,
सुमी